कर्जाचा फोन आणि उडालेली झोप

आरोग्याच्या पानावर कर्जाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण झोप न लागणे, छातीत धडधडणे, जेवण न जाणे, डोके सतत दुखणे अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या खिशातला मोबाईल दिवसभर वाजत असतो. डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि गोळी देतात. फोन कोणाचा येतो, हे कोणी विचारत नाही आणि आपणही लाजेपोटी सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही औषधाविषयी न लिहिता हप्त्याविषयी लिहीत आहोत.

कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या भगिनी, नाक्यावर उभे राहणारे मजूर, रिक्षाचालक, खासगी शाळेतले तुटपुंज्या पगाराचे शिक्षक या सर्वांना पगार हाती येण्याआधीच पैशांची गरज पडते. बँक दारात उभी करत नाही. मग तीन दारे उघडी दिसतात : मोबाईलवरचे झटपट कर्जाचे अॅप, वस्तीतला व्याजाने पैसे देणारा आणि गटाला कर्ज देणारी मायक्रोफायनान्स कंपनी. या तिन्ही ठिकाणी हप्ता थकला तर काय करावे, ते आम्ही येथे क्रमाने सांगत आहोत.

पैसा कसा फुगतो

आधी हिशोब समजून घेऊ. समजा, अॅपवर ५,००० रुपयांचे कर्ज सात दिवसांसाठी मंजूर झाले. ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून १,७५० रुपये आधीच कापले आणि हातात ३,२५० आले. सातव्या दिवशी मात्र पूर्ण ५,००० भरायचे. म्हणजे ३,२५० रुपये आठवडाभर वापरण्याची किंमत १,७५० रुपये. वर्षाच्या हिशोबाने हा दर सुमारे २,८०० टक्के होतो.

आता हे ५,००० फेडायला दुसऱ्या अॅपवरून याच पद्धतीने कर्ज घेतले, तर कापून हातात ५,००० येण्यासाठी साधारण ७,७०० रुपयांचे कर्ज काढावे लागते. ते फेडायला तिसऱ्या आठवड्यात ११,८०० चे आणि तेही फेडायला चौथ्या आठवड्यात १८,००० च्या वर. महिनाभरात अंगावर १८,००० चे कर्ज चढले आणि घरात खर्चायला आलेले पैसे तेच, पहिले ३,२५०.

वस्तीतला सावकार ‘दहा टक्के’ म्हणतो, तेव्हा ते महिन्याचे असतात, हेही लक्षात ठेवा. २०,००० रुपयांवर महिन्याला २,००० व्याज. दहा महिन्यांत २०,००० भरून झाले तरी मुद्दल जागेवरच. वर्षाचा दर १२० टक्के झाला.

यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कर्ज फिटत नाही याचा अर्थ माणूस आळशी किंवा उधळ्या आहे असा नाही. हे गणितच फिटू नये असे मांडलेले असते.

शरीराचे काय होते

धमकीचा फोन आला की शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीत जाते. अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, भूक मरते. संकट टळले की हे सारे खाली येते. पण फोन दिवसातून वीसदा येत असेल तर खाली यायला वेळच मिळत नाही. झोप तुटते. मधुमेह असेल तर साखर ताब्यात राहत नाही. चिडचिड वाढून घरात भांडणे होतात. काही जण दारूकडे वळतात आणि पैसे वाचवायचे म्हणून कितीतरी जण स्वतःची रोजची गोळी बंद करतात. ही शेवटची गोष्ट सर्वांत धोक्याची. रक्तदाबाची, साखरेची, फिट्सची किंवा क्षयरोगाची गोळी हप्त्यासाठी कधीही थांबवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात ही औषधे मोफत मिळतात.

‘मी नसलो तर सगळे सुटतील’ असा विचार मनात येऊ लागला, तर तो कर्जाचा प्रश्न राहिलेला नाही, ती तातडीची आरोग्याची अडचण आहे. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. ‘टेली-मानस’ ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.

पहिले काम : वहीत मांडा

पोराच्या जुन्या वहीचे एक पान घ्या. प्रत्येक कर्जासमोर लिहा : कोणाकडून घेतले, किती मंजूर झाले, हातात किती आले, आजवर किती भरले, किती बाकी सांगतात, पुढचा हप्ता कधी. मनातल्या मनात चाळीस हजारांचे ओझे वाटते, कागदावर ते सत्तावीस हजारांचे निघू शकते. उलटही होऊ शकते. पण आकडा समोर आला की निदान कशाशी गाठ आहे ते कळते.

त्याखाली घरखर्च लिहा : भाडे, रेशन, औषध, मुलांची फी, वीजबिल, कामावर जाण्याचे भाडे. हे आधी, हप्ते नंतर. जो सर्वांत जास्त ओरडतो त्याला आधी पैसे देण्याची आपली सवय असते. ती मोडायला हवी. कामावर जाण्याचे भाडे सावकाराला दिले तर उद्याची मजुरीही जाते.

आणि एक निश्चय करा : जुने कर्ज फेडायला नवे अॅप उघडायचे नाही.

कर्ज देणारा कोण, ते ओळखा

पुढची सारी पावले यावर ठरतात. अॅप हे स्वतः कर्ज देत नाही. त्यामागे रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली बँक किंवा वित्तीय कंपनी, म्हणजे एनबीएफसी, असली पाहिजे आणि तिचे नाव तुम्हाला सांगितले गेले पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर नोंदणीकृत कंपन्यांची यादी आहे. जुलै २०२५ पासून तेथे त्यांच्याशी जोडलेल्या कर्ज अॅपची यादीही आहे. २०२१ साली रिझर्व्ह बँकेच्याच कार्यगटाने अँड्रॉइड फोनवरची सुमारे १,१०० कर्ज अॅप पाहिली. त्यांतली सुमारे ६०० बेकायदा निघाली. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलीला यादी तपासायला बसवा, पंधरा मिनिटांचे काम आहे.

कंपनी नोंदणीकृत असेल तर

हप्ता चुकण्याआधीच कंपनीला लिहा. फोनवर बोलू नका, ईमेल करा किंवा अॅपमधल्या तक्रारीच्या जागी लिहा, म्हणजे पुरावा राहतो. मजकूर साधा असावा :

‘माझा कर्ज क्रमांक अमुक. माझे काम सुटल्यामुळे / घरात आजारपण आल्यामुळे मी ठरलेला हप्ता सध्या भरू शकत नाही. मला कर्ज बुडवायचे नाही. दरमहा इतके रुपये मी भरू शकतो. हप्ता कमी करून मुदत वाढवून द्यावी व माझ्या खात्याचा संपूर्ण हिशोब पाठवावा.’

जेवढे खरोखर भरता येईल तेवढाच आकडा लिहा. भीतीने मोठा आकडा कबूल करून दुसऱ्याच महिन्यात पुन्हा चुकण्यात काही अर्थ नाही.

कंपनीवर काही बंधने आहेत, ती माहीत असू द्या. कर्जाची रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात आली पाहिजे. सर्व खर्च धरून वर्षाचा दर किती, हे सांगणारे मुख्य माहितीपत्रक कर्ज देण्याआधी मिळाले पाहिजे. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत अशी असते की त्यात मुद्दल आणि तेवढ्या काळाचे व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. मात्र प्रोसेसिंग फी कापली जाऊ शकते. अॅपला तुमच्या फोनमधले संपर्क, फोटो आणि कॉलची नोंद घेता येत नाही. हप्ता चुकला तर वाजवी दंड लावता येतो, पण त्या दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. हा शेवटचा नियम १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना लागू आहे.

बँक खात्यातून आपोआप हप्ता कापण्याची परवानगी दिली असेल तर सावध राहा. खात्यात पैसे नसताना कापणी परत गेली की बँक आणि कंपनी दोघेही दंड लावतात. पगाराची तारीख सात आणि कापणीची तारीख तीन असेल, तर तारीख बदलून मागा.

पैसे भरताना कंपनीच्या अधिकृत खात्यातच भरा. वसुलीला आलेल्या माणसाच्या स्वतःच्या नंबरवर कधीही पाठवू नका. ‘थोडक्यात मिटवून टाकू’ असे कोणी म्हणाले तर आधी कंपनीचे लेखी पत्र मागा, मग पैसे द्या, मग कर्ज संपल्याचा दाखला घ्या. असे तडजोडीने मिटवलेले कर्ज तुमच्या पतअहवालात तसे नोंदले जाते आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते, हे ठाऊक ठेवून निर्णय घ्या.

कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

वसुलीवाल्याच्या मर्यादा

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात या मर्यादा घालून दिल्या. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक किंवा मित्रांना त्रास, घाणेरडे संदेश, निनावी फोन, यांतले काहीही चालत नाही. दारात आलेल्या माणसाकडे ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागा. तो तुमच्या घरात जबरदस्तीने शिरू शकत नाही, भांडी-टीव्ही उचलू शकत नाही. विनातारण कर्जासाठी वस्तू जप्त करायची तर न्यायालयाचा आदेश लागतो.

कोणी तुमच्या जातीचा उल्लेख करून लोकांसमोर अपमान केला, तर तो अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ खाली गुन्हा होतो. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना अनुसूचित जातींचा दर्जा दिलेला आहे. जातीचा दाखला जवळ ठेवा आणि त्या वेळी हजर असलेल्यांची नावे लिहून घ्या.

अॅप बेकायदा असेल तर

ही मंडळी फोनमधले सगळे नंबर उचलतात, तुमच्या बहिणीला, मुकादमाला, शाळेतल्या बाईंना संदेश पाठवतात. फोटोची छेडछाड करून नग्न चित्र बनवतात. पूर्ण पैसे भरले तरी आणखी मागतात. त्यामुळे घाबरून पैसे पाठवत राहिल्याने त्रास थांबेल असे नाही. हा सरळ खंडणीचा प्रकार आहे.

आधी पुरावा जमा करा : धमक्यांचे स्क्रीनशॉट, फोन नंबर, तारीख-वेळ, पैसे कोणत्या खात्यात किंवा यूपीआय नंबरवर गेले त्याची नोंद. हे सारे दुसऱ्या कोणाच्या फोनवर पाठवून ठेवा. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अॅपला दिलेल्या परवानग्या काढा आणि अॅप काढून टाका. त्यानंतर १९३० वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. अश्लील चित्र पाठवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ लागते. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवरही अशा अॅपची तक्रार करता येते.

आणखी एक उपाय फार कामाचा आहे. त्यांनी संदेश पाठवण्याआधी तुम्हीच सगळ्यांना पाठवा : ‘माझ्या फोनमधले नंबर एका फसव्या कर्ज अॅपने चोरले आहेत. माझ्या नावाने काही फोटो किंवा संदेश आले तर उघडू नका, पैसे देऊ नका, मला स्क्रीनशॉट पाठवा. मी पोलिसांत तक्रार केली आहे.’ धमकीची सारी ताकद लपवाछपवीत असते. चार माणसांना आधीच कळले की तिची धार जाते.

वस्तीतला सावकार

महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा, २०१४ लागू आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणे गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परवानाधारकालाही चक्रवाढ व्याज लावता येत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्याकडे जुने लोक याला दामदुपटीचा नियम म्हणतात.

तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करावी. बेकायदा सावकाराने घर किंवा जमीन लिहून घेतली असेल, तर चौकशीअंती ती परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. त्यासाठी व्यवहार १५ वर्षांच्या आतला असावा लागतो. कोऱ्या स्टॅम्प पेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका. एटीएम कार्ड, पासबुक, आधार कार्ड गहाण ठेवू नका. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मिळत नसेल तर पैसे फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहील.

गटाचे कर्ज

मायक्रोफायनान्सच्या कर्जात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या बायका तिच्या दारात बसतात. कंपनीला हेच सोयीचे असते. नियम असा की वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होतील, असे नवे कर्ज देऊ नये. या कर्जाची वसुली सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर करता येत नाही. वसुली ठरलेल्या जागीच व्हावी. सलग दोन किंवा अधिक वेळा तेथे न आल्यासच घरी किंवा कामाच्या जागी येता येते. भगिनींनो, एकमेकींच्या दारात बसण्याऐवजी गटाने मिळून कंपनीच्या शाखेत जावे आणि अडलेल्या बाईसाठी मुदत मागावी.

तुरुंगाची भीती

कर्ज फेडता न येणे हा फौजदारी गुन्हा नाही. ‘आज संध्याकाळी पोलीस येतील’ हे वसुलीवाल्याचे ठरलेले वाक्य आहे. व्हॉट्सअॅपवर आलेली शिक्क्यांची ‘नोटीस’ बहुधा बनावट असते आणि ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दिलेला चेक किंवा बँकेची आपोआप कापणी पैसे नसल्याने परत गेली, तर त्यावरून फौजदारी खटला होऊ शकतो. आणि न्यायालयाचे खरे समन्स आले तर ते टाळू नये, तारखेला हजर राहावे. लोक अदालतीचे बोलावणे आले तर जरूर जावे. तेथे हप्ते बांधून मिळण्याची संधी असते.

जामीनदार म्हणून सही केलेल्या माणसावर जबाबदारी येते. बायको, भाऊ, शेजारी यांनी सही केली नसेल तर त्यांच्याकडे पैसे मागण्याचा कोणालाही अधिकार नाही.

वकिलाची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचे कार्यालय असते.

घरच्यांनी काय करावे

घरात कोणी फोन आला की बाहेर जाऊन बोलतो, फोन उलटा ठेवतो, रात्री जागा असतो, जेवणावरून उठतो, असे दिसले तर रागावून विचारू नका. ‘किती घेतलेस?’ या प्रश्नाने तो आणखी मिटून जाईल. ‘त्रास होतोय का, मिळून बघू’ एवढे म्हणा. मरणाची भाषा बोलत असेल तर एकटे सोडू नका, कीटकनाशके आणि जास्तीच्या गोळ्या हाताशी राहू देऊ नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन जा. काही दिवस धमक्यांचे फोन घरातल्या दुसऱ्या खंबीर माणसाने घ्यावेत आणि नोंद ठेवावी. तेवढ्याने झोप परत येऊ लागते.

पुष्कळदा कर्जाचे मूळ आजारपणात असते. म्हणून हेही सांगतो : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत मिळतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार नि:शुल्क आहेत. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखाव्या लागतात. व्याजाने पैसे उचलण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा आरोग्यमित्राला भेटा.

विहारात रविवारी मंडळी जमतातच. त्यात महिन्यातून एकदा तासभर या कामाला द्यावा. लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांनी अडलेल्यांची वही मांडून द्यावी, यादी तपासावी, अर्ज लिहून द्यावेत आणि कोणाचे किती कर्ज ही गोष्ट त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

टेली-मानस, मनाच्या त्रासासाठी : १४४१६
सायबर फसवणूक : १९३०
रिझर्व्ह बँक, तक्रारींविषयी माहिती : १४४४८
मोफत कायदेशीर मदत : १५१००
जन आरोग्य योजना : १५५३८८
जिवाला धोका असेल तर पोलीस : ११२